गजभिये यांच्याकडचा माझा गुरुवार

वाचकांची आधीच क्षमा मागते. माझे आजवरचे सारे लेखन प्रयोगशाळेच्या वहीत झाले आहे, आणि तेथे ‘द्रावण फिकट पिवळे झाले’ याहून अधिक भावना व्यक्त करण्याची सोय नसते. पन्नाशी उलटल्यावर एखाद्या माणसाबद्दल चार ओळी लिहाव्यात असे वाटू लागले, यात धिटाई किती आणि अविचार किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहतात, आणि मजकुरात एखादे मोजमाप चुकले तर जिना उतरून ते दुरुस्त करायला येतील. तेव्हा जे लिहिते ते भीत भीतच लिहिते.

श्री. प्रल्हाद गजभिये यांचे मास्क आठवड्यातून सहा दिवस रजेवर असतात.

हे वाक्य मी मुळीच वाढवून लिहिलेले नाही. साथीच्या काळात आपण सर्वांनी नाकातोंडावर जे पांढरे, चोचीसारखे मास्क लावले, ते पुढे आपण टाकून दिले आणि विसरलो. येथे जर्मनीत, डार्मश्टाटच्या ट्राममध्ये आता मास्क लावलेला माणूस दिसला तर लोक जागा बदलतात. गजभिये भाऊ मात्र अजूनही सोमवारी सोमवारचा आणि मंगळवारी मंगळवारचा मास्क लावून कामाला जातात. संध्याकाळी तो आपल्या खोलीतल्या खुंटीवर टांगतात, आणि पुढचा सोमवार येईपर्यंत त्या मास्कला कोणी हात लावायचा नाही. “दमतो तो,” असे त्यांचे म्हणणे. “माणसाले एक दिवस काम अन् सहा दिवस सुटी मिळाली असती तर मीही इतकाच टिकलो असतो.”

भाऊ मूळचे नागपूरचे, यंत्र अभियंता. येथे मोटारीत येणारी हवा गाळण्याच्या जाळ्या तपासणे, हे त्यांचे काम. त्यामुळे मास्ककडे ते आपल्यासारखे कापड म्हणून पाहत नाहीत, सहकारी म्हणून पाहतात. पहिल्या भेटीतच त्यांनी मला समजावले होते की मास्कच्या मधल्या थरात विजेचा सूक्ष्म भार असतो, आणि हवेतले बारीक कण त्याला चिकटतात. तो भार गेला की सगळे संपले. म्हणून मास्क धुवायचा नाही. त्यावर जंतुनाशक फवारायचे नाही. इस्त्री, मायक्रोवेव्ह, कडक ऊन, काही नाही. कोरड्या, हवेशीर जागी, दुसऱ्या मास्कला स्पर्श होणार नाही असा, सात दिवस नुसता टांगून ठेवायचा. एकाचा मास्क दुसऱ्याने लावायचा नाही. ओला झाला, चुरगळला, नाकावरची पट्टी सैल पडली तर त्याच क्षणी निरोप.

“हीटरवर ठेवला तर लवकर वाळेल ना?” असे मी एकदा विचारले होते.

“वांगी आहेत काय ताई, भाजायले?”



प्रत्येक वापरानंतर भाऊ मास्कच्या पट्टीवर पेन्सिलीने एक ठिपका देतात. पाच ठिपके झाले की मास्क निवृत्त होतो. मग ते त्याच्या दोन्ही पट्ट्या कात्रीने कापतात, कारण कचऱ्यात पाखराचा पाय अडकू नये. त्याला कागदी पिशवीत घालतात, आणि ती पिशवी काळ्या डब्यात टाकण्यापूर्वी क्षणभर थांबतात. त्यांची सोळा वर्षांची मुलगी मैत्रेयी हिला हा क्षण सहन होत नाही. तिला मराठी सगळे समजते, पण उत्तर ती जर्मनमध्येच देते. “पापा, बिट्टं!”, म्हणजे ‘पापा, प्लीज!’, असे कळवळून म्हणत ती डब्याच्या दुसऱ्या बाजूला पाहत उभी राहते.

“काहून? त्याने पाच दिवस तुझ्या बापाचं नाक सांभाळलं,” भाऊ म्हणतात. “तू एक दिवस तरी सांभाळलं काय?”

येथपर्यंत वाचून हे गृहस्थ केवळ विक्षिप्त आहेत असे वाटेल. मलाही तसेच वाटत होते. परंतु त्यांच्या घरची परिस्थिती सांगितल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी सुलोचनाताई यांच्यावर मूत्रपिंड बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवणारी औषधे त्यांना कायमची घ्यावी लागतात. तुमची-आमची साधी सर्दी त्यांना थेट रुग्णालयात पोहोचवू शकते. म्हणजे माणसांपासून त्यांना जपायला हवे. आता अडचण अशी की सुलोचनाताई नागपुरात वीस वर्षे शाळेत शिकवत होत्या, आणि समोर चार माणसे नसली की त्यांना जेवण जात नाही. वर्ग नसलेल्या शिक्षिकेला घरात कोंडून ठेवले तर काय होते ते आम्ही पाहिले होते. त्या बोलायच्या थांबल्या. ज्या बाई जिन्यात भेटल्या तर दूध नासेपर्यंत सोडत नसत, त्या खिडकीशी बसून ट्राम मोजू लागल्या. माणसे आली तर धोका, न आली तरी धोका, अशा कात्रीत भाऊ सापडले होते. डॉक्टरांनी सांगितले की एका वेळी थोडी माणसे, चांगला मास्क, धुतलेले हात आणि उघडी खिडकी, एवढे पाळले तर पाहुण्यांना हरकत नाही. घशात खवखव असेल त्याने मात्र यायचे नाही.

भाऊंनी या एका वाक्याचे संविधान केले.

त्यांच्या दारातून आत शिरले की डाव्या हाताला बीच लाकडाची एक लांब फळी लागते. ती त्यांनी स्वतः रंधली आहे. तिच्यावर वीतभर अंतराने सात खुंट्या, प्रत्येक खुंटीखाली छापील पट्टी, आणि पट्टीवर वार व पाहुण्याचे नाव. शेजारच्या फ्राउ, म्हणजे श्रीमती, लांगे, वय ऐंशीच्या पुढे, या मंगळवार. भाऊंच्या कचेरीतले वानखेडे हे शनिवार. मी गुरुवार. बाकीच्या खुंट्यांवरही मंडळी होती, पण आम्ही तिघे न चुकता येणारे. आपापल्या वारी यायचे, हात धुवायचे, आपला मास्क पट्ट्यांना धरून उचलायचा, तासभर बसायचे. चहा हवा असल्यास बाल्कनीत, कारण मास्क काढल्याशिवाय चहा पिता येत नाही आणि घरात मास्क काढता येत नाही. जाताना मास्क पुन्हा आपल्या खुंटीवर. त्यानंतर सात दिवस त्याची विश्रांती, म्हणून आपणही सात दिवसांनीच यायचे.

या नियमाला सवलत नव्हती. एका बुधवारी वानखेडे पेढ्यांचा डबा घेऊन दारात उभे राहिले. त्यांना नोकरीत बढती मिळाली होती. मी जिन्यातून वर येत होते, म्हणून सगळे ऐकू आले.

“जय भीम, भाऊ! पेढे!”

“जय भीम. आज कोणता वार आहे?”

“बुधवार. पण भाऊ, बढती आजच मिळाली ना!”

“अभिनंदन. मास्क झोपला आहे तुझा. उठवू काय त्याले?”

“दुसरा एखादा द्या की. नवा.”

“फेकाफेकी चालत नाही या घरात. शनिवारी ये. बढती काय तीन दिवसांत वापस घेतील?”

आतून सुलोचनाताईंचा आवाज आला, “अहो, पेढे तरी आत घ्या! त्यांना कुठं झोप लागली आहे?”

पेढे आत गेले, वानखेडे खाली आले. मला पाहून म्हणाले, “मॅडम, एवढा कडक तर आमचा बॉसही नाही.” आणि शनिवारी ते अगदी वेळेवर हजर झाले, हेही नोंदवले पाहिजे.

सुलोचनाताई या सगळ्याची मनसोक्त थट्टा करीत. “माझं ब्लडप्रेशर दिवसातून दोनदा विचारतात, मास्कचं चारदा,” त्या म्हणत. आम्ही येऊ लागलो तशी त्यांची ट्राम मोजणी बंद पडली होती. मंगळवारी फ्राउ लांगे यांना त्या मराठी शिकवीत. त्या आजींना ‘बसा’ आणि ‘कशाला घाई’ हे दोन शब्दप्रयोग इतके स्वच्छ येऊ लागले होते की त्या आमच्याच घरी आलेल्या पाहुण्यांना बसवून घेत. माझ्यासारख्या अबोल बाईलाही गुरुवारी सुलोचनाताई बोलते करीत. मी घरून निघताना बोलायचे तीन विषय मनात ठरवून जात असे, आणि परत येईपर्यंत एकही वापरावा लागत नसे.

आता मला माझ्या हातून घडलेल्या गुन्ह्याकडे यावे लागेल.

वसंत ऋतूत सुलोचनाताईंना तपासणीसाठी तीन दिवस रुग्णालयात राहायचे होते. भाऊ सोबत जाणार होते, मैत्रेयी शाळेच्या सहलीला गेली होती. त्यांच्या कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालण्यासाठी किल्ली माझ्याकडे दिली गेली. मी पाणी घातले. मग मला वाटले की एवढे आपले करतात, आपणही काही करावे. रुग्ण घरी परत येणार, तर घर स्वच्छ हवे. मी फरशी पुसली. धूळ झटकली. आणि मग माझी नजर फळीवर गेली. सात मास्क. कोणावर दोन, कोणावर तीन ठिपके. वापरलेले!

मला भाऊंचा नियम ठाऊक नव्हता असे नाही. तो मी वर लिहिलाच आहे. परंतु साताऱ्याला माझ्या आईने मला पाणी आणि साबण यांच्यावर जी श्रद्धा ठेवायला शिकवले, ती रसायनशास्त्रातल्या डॉक्टरेटहून जुनी आहे. आजारी माणसाच्या घरात वापरलेली वस्तू न धुता टांगलेली मी पाहिली, आणि माझे शिक्षण जणू कोणी मागच्या दाराने बाहेर नेले. मी सातही मास्क गोळा केले, साठ अंशांवर मशीनमध्ये धुतले, बाल्कनीत उन्हात वाळवले, आणि अतिशय समाधानाने पुन्हा आपापल्या खुंटीवर टांगले. नाकावरच्या पट्ट्यासुद्धा सरळ केल्या. ठिपके धुऊन गेले होते, तर तेही आठवून पेन्सिलीने परत काढले.

ही शेवटची गोष्ट सांगताना आजही मान खाली जाते.

बुधवारी दुपारी मंडळी घरी परतली. तपासणीचे निकाल उत्तम होते. मी प्रयोगशाळेतला एक मास्क लावून पायरीपर्यंत सामान घ्यायला गेले. भाऊ दारातून आत शिरले, दोन पावले टाकली, थांबले, आणि फळीकडे न पाहता नाकाने हवा ओढली.

“लव्हेंडर,” ते म्हणाले.

मी हातातली त्यांची पिशवी खाली ठेवली.

“ताई, लव्हेंडरचा वास कुठून येऊन राहिला?”

“मी जरा…” मी म्हणाले. “थोडे धुतले.”

“काय धुतलं?”

मी फळीकडे बोट दाखवले. भाऊंनी स्वतःचा मास्क सारखा केला, पुढे झाले, माझा गुरुवारचा मास्क पट्टीला धरून उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. एखादा डॉक्टर क्ष-किरणाचा फोटो पाहतो तसे त्यांनी बराच वेळ पाहिले.

“ह्यायचा जीव गेला,” ते हळूच म्हणाले. “दिसायले मास्क, आतून रुमाल.”

तेवढ्यात सुलोचनाताईंना सगळा उलगडा झाला आणि त्या हसू लागल्या. भिंतीला टेकून, पोटावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “डॉक्टर ताई! तुम्ही पीएचडी केली कशात? साबणात?” त्यांचे हसू पाहून मलाही हसू आले, आणि आम्ही दोघी त्या अरुंद वाटेत दोन टोकांना उभ्या राहून हसत राहिलो. भाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी कात्री आणली. एकेक मास्क काढून त्याच्या पट्ट्या कापल्या आणि पिशवी बांधली. मग फोन काढून आमच्या गटावर संदेश टाकला: ‘तांत्रिक कारणामुळे सर्व वार पुढील सूचनेपर्यंत स्थगित.’

संदेश सुलोचनाताईंच्या फोनवरही आला. त्यांनी तो वाचला आणि त्यांचे हसू थांबले. “सगळे?” त्या म्हणाल्या. “अहो, उद्या ताईंचा गुरुवार आहे.”

“पाहू,” भाऊ म्हणाले आणि पिशवी घेऊन खाली गेले. सुलोचनाताई खिडकीशी जाऊन बसल्या.

मी तडक कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तेथे औषधांच्या शेजारी मास्कची खोकी आहेत, कोणी घेत नाही म्हणून धूळ खात पडलेली. दोन खोकी घेतली. परतताना मनात माफीची वाक्ये जुळवली. भाऊ मला जिन्याच्या तळाशीच, केलरच्या दारात भेटले. केलर म्हणजे इमारतीखालचे तळघर, जेथे प्रत्येक कुटुंबाची अडगळीची एक खोली असते.

“भाऊ, हे नवे घ्या,” मी म्हणाले. “सगळ्यांना पुरतील. चूक माझी आहे, फेकाफेकी तुम्हाला आवडत नाही हे माहीत आहे, पण एवढ्या एका वेळी…”

भाऊंनी खोकी पाहिली, मग मला पाहिले. “या,” ते म्हणाले, आणि आपल्या खोलीचे कुलूप काढून दिवा लावला.

आत सायकली होत्या, एक जुना पाळणा होता, आणि मागच्या भिंतीला जमिनीपासून खांद्यापर्यंत मास्कची खोकी रचलेली होती. न उघडलेली. प्रत्येकावर मुदतीची तारीख बाहेरच्या बाजूला.

“नवे?” मी विचारले.

“नवेच.”

“मग जुने कशासाठी? आणि वानखेड्यांना बुधवारी परत का पाठवले? तो नियम खोटा होता का?”

“खोटा काहून?” भाऊ एकदम ताठ झाले. “सातच्या आत एकही वापरला नाही मी! पाचच्या वर एकही नेला नाही! नियम पक्का आहे, ताई.” मग ते एका खोक्याचा कोपरा भिंतीशी जुळवू लागले. तो आधीच जुळलेला होता. “फक्त गरज नव्हती.”

मी हातातली खोकी जमिनीवर ठेवली. ऐन वेळी बोलणे मला जमत नाही. बहुधा म्हणूनच ते पुढे बोलले.

“ऑपरेशननंतर लोक आले होते ना. खूप आले. फुलं आणली, फळं आणली. मी सगळ्यायले नवा मास्क दिला. बसले, बोलले. जाताना मास्क डब्यात टाकला अन् म्हणाले, पुन्हा येऊ.” त्यांनी खोके सोडून दुसरे धरले. “पुन्हा येऊ म्हणणारा माणूस वार सांगत नाही, ताई. सुलोचना रोज संध्याकाळी कप काढून ठेवायची. मी कामावरून आलो की ते परत कपाटात ठेवायचो. ती काही म्हणायची नाही, मीही नाही. तीन महिने. मग मी ती फळी केली. नाव टाकलं, वार टाकला. माणसाले वाटलं पाहिजे की आपली एक वस्तू त्या घरी टांगून राहिली आहे, जावं लागते.”

वर कोणी तरी जिन्याचे दार लावले. तळघरातला दिवा ठरावीक वेळाने आपोआप विझतो, तसा तो विझला. भाऊंनी अंधारात हात लांबवून बटण दाबले, आणि उजेड आला तेव्हा माझ्याकडे न पाहताच विचारले,

“आता तिथं काहीच टांगलेलं नाही. कोरा मास्क टांगला तर तो कोणाचाच नाही. तुम्ही याल ना?”

दूरध्वनी करण्यापूर्वी वाक्ये कागदावर लिहून घेणारी बाई मी. त्या दिवशी मात्र उत्तर आपोआप आले. “गुरुवारी,” मी म्हणाले. “साडेपाच वाजता.”

“गेनाऊ,” भाऊ म्हणाले. जर्मन लोक ‘अगदी बरोबर’ या अर्थी हा शब्द ठणकावून उच्चारतात, आणि भाऊ तर त्यांच्याहून ठणकावतात. या वेळी मात्र त्यांनी तो अगदी हळू उच्चारला.

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेपाचला मी वर गेले. दाराबाहेर आधीच दोन जोड जोडे होते. आत फ्राउ लांगे आणि वानखेडे, नवे मास्क लावून, दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसले होते. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, पडदे उडत होते. भाऊंनी त्या दोघांनाही स्वतंत्रपणे, दबक्या आवाजात तोच प्रश्न विचारला होता, आणि त्या दोघांनीही धास्तावून सर्वांत जवळचा दिवस सांगितला होता.

“आज गुरुवार आहे!” भाऊ दारात हात पसरून म्हणत होते. “मंगळवार काहून आला? शनिवार काहून आला? मी काय यात्रा भरवली?”

“कशाला घाई,” फ्राउ लांगे स्वच्छ मराठीत म्हणाल्या. “बसा.”

आणि सुलोचनाताई मधोमध उभ्या राहून, पुन्हा वर्ग मिळालेल्या शिक्षिकेसारख्या, कोणी कुठे बसायचे आणि बाल्कनीत आधी चहाला कोणी जायचे ते ठरवत होत्या. भाऊ काही वेळ तक्रार करीत राहिले. मग ते निमूटपणे स्वयंपाकघरात गेले आणि आणखी आधण ठेवले.

ते खरोखर चमत्कारिक गृहस्थ आहेत की नाहीत, हे आता मला सांगता येत नाही. मी त्यांच्याविषयी लिहायला बसले ते हसवण्यासाठी, आणि ते साधले नसेल तर पुन्हा क्षमा मागते. जाता जाता फक्त एक विचारते: तुमच्याकडे शेवटचे कोण आले होते, आणि ते निघाले तेव्हा पुन्हा कोणत्या वारी येणार, हे तुम्ही त्यांना विचारलेत का?